एका मताने वाचलेली वेस

जुन्या काळी गावाची वेस आणि गावातील बाजारपेठ यांचे नाते मोठे निकटचे असे. माल वेशीतून आत येई, वेशीवरच त्याची जकात वसूल होई, आणि रात्री वेस बंद झाली की पेढीवरचा माणूस निर्धास्तपणे दिवा मालवून झोपी जाई. तटबंदीचे श्रेय इतिहासात बहुधा राजेलोकांच्या व सरदारांच्या पदरी पडते. ज्यांच्या गल्ल्यातून तिचा खर्च निघाला त्या व्यापाऱ्यांचे नाव क्वचितच कोणी घेतो. म्हणूनच जी वेस कोणा राजाने नव्हे तर व्यापाऱ्यांनी बांधली, त्यांच्याच वारसांनी जी पाडावयास काढली, आणि शेवटी केवळ एका मताने वाचून जी व्यापाराच्या इतिहासाचे संग्रहालय झाली, तिची हकीगत या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

ही वेस आपल्या देशातील नाही. उत्तर जर्मनीत बाल्टिक समुद्राच्या जवळ ट्राव्हे नदीच्या काठी ल्यूबेक नावाचे प्राचीन नगर आहे. त्याच्या पश्चिमेस होल्स्टाइन प्रांताच्या वाटेवर हा दरवाजा उभा असून त्यास तिकडे होल्स्टनटोर, म्हणजे होल्स्टन दरवाजा, असे म्हणतात. लाल विटांचे दोन गोल व भक्कम बुरूज, त्यांच्यावर शंकूच्या आकाराची उंच छपरे, आणि मधोमध कमान, असे त्याचे रूप आहे. पश्चिम जर्मनीच्या ५० मार्कांच्या नोटेवर कित्येक वर्षे याच दरवाजाचे चित्र होते, आणि २००६ साली काढलेल्या दोन युरोच्या एका नाण्यावरही ते आले. नाण्यांवर राजांचे मुखवटे असावयाचे, ही जगाची रीत. तेथे एका वेशीचे चित्र यावे, यातच त्या नगराचा स्वभाव दिसून येतो.

व्यापाऱ्यांचे नगर

ल्यूबेकला १२२६ साली स्वतंत्र नगराची सनद मिळाली. तेव्हापासून या नगरावर कोणा सरदाराची सत्ता नव्हती. वर केवळ सम्राट, आणि कारभार नगरसभेच्या हाती. या सभेत प्रामुख्याने मोठे व्यापारी बसत. हाताने काम करून पोट भरणाऱ्या कारागिरास सभेत जागा नसे, ही त्या व्यवस्थेची उणी बाजू होय, व तीही येथे नमूद केली पाहिजे. परंतु राजावाचून, सरदारावाचून, केवळ व्यापाऱ्यांनी एकत्र बसून एका मोठ्या नगराचा न्याय, बंदोबस्त व जकात शतकानुशतके चालवली, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे उत्तर समुद्र व बाल्टिक समुद्र यांच्या काठच्या अनेक नगरांतील व्यापाऱ्यांनी मिळून एक संघ उभारला. तो इतिहासात हान्सा या नावाने प्रसिद्ध आहे. ल्यूबेक हे या संघाचे अग्रणी नगर. १३५६ साली संघातील नगरांची पहिली सर्वसाधारण सभा तेथेच भरली. लंडन, ब्रूज, बर्गन व रशियातील नोव्हगोरोद या चार ठिकाणी संघाच्या मोठ्या वखारी होत्या. या संघास राजा नव्हता आणि कायमची फौजही नव्हती. ठरलेला शब्द, ठरलेले वजन, आणि जो नियम मोडील त्याच्याशी व्यवहार बंद, याच त्याच्या मुख्य शक्ती होत्या. आपल्याकडील महाजनांचा कारभार ज्यांनी पाहिला किंवा वडिलांच्या तोंडून ऐकला आहे, त्यांस ही रीत परकी वाटणार नाही.

होल्स्टन दरवाजाच्या शेजारीच नदीच्या काठाला विटांच्या जुन्या कोठारांची एक रांग आहे. ही मिठाची कोठारे १५७९ ते १७४५ या काळात बांधली गेली. मिठाचा व्यापार मात्र त्याहूनही पुष्कळ जुना. दक्षिणेकडील ल्युनेबुर्ग येथील खाऱ्या झऱ्यांच्या पाण्यापासून मीठ तयार होई आणि ते ल्यूबेकला येई. १३९८ साली त्यासाठी श्टेक्निट्झ नावाचा कालवा पुरा झाला व मीठ नावांतून थेट नगरापर्यंत पोहोचू लागले. तेथून ते जहाजांनी स्वीडनच्या दक्षिण टोकाकडे जाई, आणि त्यात खारवलेली मासळी युरोपभर विकली जाई. कारण ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असले तरी मासळी वर्ज्य नसे. हा माल व रशियातून येणारी जनावरांची कातडी आपल्या धर्मात व्यापारासही निषिद्ध मानलेली आहेत, हे वाचकांस सांगावयास नको. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, ज्या नगराच्या वेशीची आपण कथा पाहत आहोत, त्याचे ऐश्वर्य सोन्याच्या खाणीवर नव्हे तर मिठासारख्या साध्या जिनसेवर उभे होते.

मृत्युपत्रातील चार हजार मार्क

पंधराव्या शतकात तोफा अधिकाधिक जोरदार होऊ लागल्या आणि जुन्या तटबंदीचा भरवसा वाटेना. नगराच्या पश्चिम बाजूस अधिक भक्कम दरवाजा हवा होता, परंतु एवढे द्रव्य आणावे कोठून, हा प्रश्न होता. तो सुटला एका सभासदाच्या मृत्युपत्राने. योहान ब्रोलिंग नावाच्या नगरसभेच्या सभासदाने आपल्या मागे ४,००० ल्यूबेक मार्क नगरास ठेवले होते. त्या रकमेच्या आधारावर १४६४ साली काम सुरू झाले. नगराचा मुख्य स्थपती हिनरिख हेल्मश्टेडे याने हे काम हाती घेतले व १४७८ साली ते पुरे झाले.

आपल्या इतिहासातही याला जवळचे उदाहरण आहे. १७२५ साली मराठी फौजांच्या लुटीचे संकट अहमदाबादेवर आले असता नगरशेठ खुशालचंद यांनी पदरचे द्रव्य भरून नगर वाचवले, आणि कृतज्ञ व्यापाऱ्यांनी मालाच्या दर शंभर रुपयांमागे चार आणे त्यांच्या घराण्यास लावून दिले. हे घराणे जैन होते, हे आपणांस ठाऊकच आहे. एकाने मृत्युपत्रातून वेस उभी केली, दुसऱ्याने जिवंतपणी तिजोरी रिकामी केली. नगराचे रक्षण हे केवळ शिपायाचे काम नसून पेढीचेही आहे, ही जाणीव मात्र दोघांची एकच होय.

दलदलीवरील बुरूज

या दरवाजाची रचना मोठी बोधप्रद आहे. बाहेरच्या, म्हणजे शत्रूच्या बाजूची भिंत साडेतीन मीटर जाड आहे. नगराच्या बाजूची भिंत एक मीटरहूनही कमी. बाहेरच्या अंगास तोफांसाठी जंग्या ठेवलेल्या आहेत, तर आतल्या अंगास खिडक्यांच्या ओळी आहेत. इमारतीभोवती भाजलेल्या मातीच्या नक्षीदार फरशांचे पट्टे फिरवलेले आहेत. त्यांतील बहुतेक फरशा पुढील दुरुस्तीच्या वेळी नव्याने बसवाव्या लागल्या. परक्यासाठी दगडासारखे कठोर व आपल्या माणसासाठी मोकळे, असे त्याचे दोन चेहरे आहेत.

परंतु बांधणाऱ्यांस खरा शत्रू जमिनीखाली भेटला. नदीकाठची ती जागा दलदलीची होती. दरवाजासाठी मुद्दाम सात मीटर उंचीचा मातीचा भराव घातला गेला. पण एवढ्या विटांचे ओझे त्या भुसभुशीत जमिनीस पेलेना. काम चालू असतानाच दक्षिणेकडील बुरूज खचू लागला, आणि गवंड्यांनी वरचे थर चढवताना तो कल सावरण्याचा प्रयत्न केला. तरी खचणे थांबले नाही. पुढील शतकांत दरवाजा हळूहळू जमिनीत जात राहिला. इतका की सर्वांत खालच्या जंग्या आज जमिनीच्या पातळीखाली सुमारे अर्धा मीटर गेल्या आहेत. दोन्ही बुरुजांचा कल उघड्या डोळ्यांनी दिसतो.

ज्या शत्रूसाठी ही सारी तयारी केली तो या वाटेने आलाच नाही. या दरवाजातील तोफा शत्रूवर कधी झाडल्या गेल्या नाहीत. १८०६ साली नेपोलियनच्या फौजांनी ल्यूबेक हल्ला करून घेतले, तेव्हा त्या उत्तरेच्या दरवाजाने आत शिरल्या. आणि नगराच्या वैभवास जी ओहोटी लागली ती तर कोणत्याच वेशीतून आली नाही. दरवाजा पुरा होऊन सोळाच वर्षे झाली होती, तोच १४९४ साली मॉस्कोच्या इव्हान राजाने नोव्हगोरोदची वखार बंद केली. डच जहाजांची स्पर्धा वाढली, राजसत्ता प्रबळ झाल्या. त्याच सुमारास, १४९८ साली, पोर्तुगीज जहाजे मलबारच्या किनाऱ्यास लागली व पुढे बारा वर्षांनी गोवा त्यांच्या हाती गेला. युरोपच्या व्यापाराचा मोहरा अटलांटिक महासागराकडे वळत चालला होता. १६६९ साली हान्सा संघाची शेवटची सभा भरली. भिंत कितीही जाड असली तरी बदललेल्या वाटा ती अडवू शकत नाही, हे प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

रेल्वे आणि ६८३ सह्या

एकोणिसाव्या शतकात तटबंदी ही अडगळ वाटू लागली. होल्स्टन बाजूस पूर्वी एकामागे एक असे चार दरवाजे होते. त्यांपैकी सर्वांत आतला १७९४ साली व सर्वांत बाहेरचा १८०८ साली पाडला गेला. १८५१ साली ल्यूबेकला रेल्वे आली आणि स्टेशन नेमके या दरवाजाच्या पुढ्यात झाले. १८५३ साली रेल्वेच्या सोयीसाठी तिसरा दरवाजाही गेला. त्यावर लॅटिन भाषेत एक लेख होता. ‘घरात एकोपा व बाहेर शांतता, ही खरोखर सर्वांहून सुंदर गोष्ट होय,’ असा त्याचा आशय. दरवाजाबरोबर तो लेखही उतरला.

उरला तो हा एकच, बुरुजांचा. १८५५ साली तोही पाडावा, म्हणजे रेल्वेचा विस्तार करण्यास जागा होईल, असा अर्ज नगरवासीयांनी सरकारकडे केला. त्या अर्जावर ६८३ सह्या होत्या. सह्या करणारे लोक दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांस व्यापार वाढवावयाचा होता, माल लवकर उतरवावयाचा होता, आणि समोर उभी असलेली वास्तू कलती, खचती, निरुपयोगी होती. हिशेबी माणसाने जमाखर्च मांडला तर दरवाजा खर्चाच्याच बाजूस पडत होता. परंतु विरोध करणारेही निघाले. प्रशियाचा राजा चौथा फ्रेडरिक विल्हेल्म याच्या कानी ही वार्ता गेली, तेव्हा त्याने जुन्या वास्तूंच्या रक्षणाचे काम पाहणारा आपला अधिकारी फॉन क्वास्ट यास त्यात लक्ष घालण्यास सांगितले. वाद आठ वर्षे चालला. अखेर १८६३ साली नागरिकांच्या सभेत मते घेण्यात आली, आणि अवघ्या एका मताच्या अधिक्याने दरवाजा न पाडता दुरुस्त करावा असे ठरले.

ते एक मत कोणाचे होते हे सांगता येणार नाही. कारण अशा निकालात जिंकणाऱ्या बाजूचे प्रत्येकच मत ते एक मत असते. त्या दिवशी सभेला न येता आपल्या दुकानी बसून राहण्याचा विचार करणारा एखादा सभासद खरोखरच घरी राहता, तर निकाल फिरला असता.

दुरुस्ती १८७१ साली पुरी झाली. तेव्हा पाडलेल्या दरवाजावरील लेखाचा सारांश या दरवाजाच्या बाहेरील अंगावर कोरण्यात आला : ‘कॉन्कॉर्डिया डोमी, फोरिस पॅक्स’, म्हणजे ‘घरात एकोपा, बाहेर शांतता’. नगराच्या बाजूस प्राचीन रोमच्या धर्तीवर ‘ल्यूबेकची सभा व प्रजा’ या अर्थाची आद्याक्षरे व त्यांच्या दोन बाजूंस १४७७ आणि १८७१ ही साले घातली गेली. त्यातील पहिले साल एका वर्षाने चुकले आहे. आपल्याच पूर्वजांच्या कामाची तारीख चार शतकांत वंशजांस नीट ठाऊक राहिली नव्हती, याची ही विटांवर राहिलेली साक्ष होय.

दरवाजाचे संग्रहालय

१९३३-३४ साली पुन्हा मोठी दुरुस्ती झाली आणि दरवाजाचे खचणे एकदाचे थांबले. त्याच वेळी आत संग्रहालय करण्यात आले. परंतु तो काळ नाझी राजवटीचा होता. राज्यकर्त्यांनी त्यास ‘सन्मान व कीर्तीचे दालन’ असे रूप दिले आणि इतिहास आपल्या मताच्या साच्यात घालून मांडला. पुढे तीनच वर्षांनी, १९३७ साली, त्याच राजवटीने ल्यूबेकचे सातशे अकरा वर्षांचे नगर-स्वातंत्र्य काढून घेतले. ज्यांनी दालनात नगराच्या कीर्तीचे गोडवे गायिले त्यांनीच नगराची सनद बुडवली. १९४२ सालच्या मार्च महिन्यात बॉम्बवर्षावाने जुन्या नगराचा मोठा भाग जळाला, मोठी देवालये होरपळली. होल्स्टन दरवाजा मात्र उभा राहिला.

युद्धानंतर १९५० साली तेथे नगराच्या इतिहासाचे संग्रहालय सुरू झाले, आणि २००२ साली त्याची मांडणी नव्याने करून तिला ‘व्यापाराचे सामर्थ्य’ या अर्थाचे नाव देण्यात आले. जहाजांच्या प्रतिकृती, जुन्या नगराची प्रतिकृती, व्यापारी मालाचे नमुने, शस्त्रे, आणि गुन्हेगारांस शिक्षा देण्याची साधने अशा वस्तू तेथे मांडल्या गेल्या. शिक्षेची साधने वगळून केवळ वैभव दाखवणे सोपे होते. परंतु जे संग्रहालय पूर्वजांचे गुण व दोष दोन्ही दाखवते तेच खरे संग्रहालय. एरवी ते पुन्हा ‘कीर्तीचे दालन’च होऊन बसते. १९८७ साली ल्यूबेकच्या जुन्या नगराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. ज्या रेल्वेसाठी दरवाजा पाडावयाचा होता, ते स्टेशन पुढे तेथून हलले. आणि आज देशोदेशीचे प्रवासी स्टेशनावर उतरतात ते प्रथम हा दरवाजा पाहण्यास येतात. जमाखर्चात जो खर्चाच्या बाजूस पडला होता तो जमेच्या बाजूस आला. मात्र ही रक्कम वसूल होण्यास शंभर वर्षे लागली, आणि इतक्या मुदतीचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

आपल्यापुरते

आता ही हकीगत येथे सांगण्याचे कारण थोडक्यात मांडतो. आपण व्यापारी लोक पिढ्यान्‌पिढ्या मूळ गाव सोडून दूरदूरच्या पेठांतून स्थिरावलो. तेथे आपण वेशी बांधल्या नाहीत. परंतु पेढ्या, धर्मशाळा, पाणपोया, पांजरपोळ व मंदिरे बांधली. त्यांचा इतिहास कोठे लिहिलेला आहे? तो आपल्या वह्यांत आहे. कोणत्या दुष्काळात किती धान्य वाटले, कोणाची हुंडी कोणी सकारली, कोणत्या वर्षी कोणते भाव होते, हे सारे त्या लाल कापडाच्या बांधणीच्या चोपड्यांत नोंदलेले आहे.

काही वर्षांपूर्वी एका पेठेतील जुनी पेढी पाडून तेथे नवी इमारत बांधण्याचे ठरले. त्या पेढीच्या माळ्यावरील चोपड्या हातगाडीवर रचल्या जात होत्या तेव्हा प्रस्तुत लेखक तेथे हजर होता. एक चोपडी उघडी पडली होती. तिच्या पहिल्या पानावर केशराचे स्वस्तिक व ‘श्री’ची उतरंड होती, आणि केशराचा रंग अजून पुरता उडालेला नव्हता. गाडी रद्दीवाल्याकडे गेली. मालक सज्जन होते. त्यांचा व्यवहारही कायद्यास धरून होता. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी ऐकलेच असते असे नाही. पण ऐकले नसतेच, असेही म्हणवत नाही. ल्यूबेकची हकीगत वाचली तेव्हापासून ती हातगाडी वारंवार माझ्या डोळ्यांपुढे येते.

त्यासाठी फार मोठे संग्रहालय पाहिजे असे नाही. आपल्या मंडळाच्या कार्यालयातील एक कोरडी खोली, एक-दोन कपाटे, आणि वर्षातून एकदा, वहीपूजनाच्या सुमारास, जुन्या वह्या, पत्रे, तराजू, मापे व शिक्के गोळा करून त्यांची यादी करणारे दोन तरुण, एवढ्यानेही आरंभ होऊ शकेल. कोणत्या वस्तू ठेवाव्या व कोणत्या सोडाव्या, याविषयी सभासदांत मतभेद होतील, आणि ते व्हावेतच. वाद झाला, मते पडली, तर वस्तू निदान सर्वांच्या डोळ्यांदेखत जाईल किंवा राहील. आपल्याकडे बहुतेक गोष्टी जातात त्या विरुद्ध मत पडल्याने नव्हे, तर कोणी मतच न दिल्याने जातात.

योहान ब्रोलिंगच्या चार हजार मार्कांनी वेस उभी राहिली आणि चारशे वर्षांनी एका मताने ती टिकली. द्रव्य देणे प्रत्येकास शक्य होईलच असे नाही. मत देणे मात्र आपणां प्रत्येकास शक्य आहे. मंडळाच्या पुढील वार्षिक सभेत हा विषय कोणी काढला, तर सभासद बंधुभगिनींनी त्याचा अवश्य विचार करावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.